पागेची आग आणि पडद्यावरची तोफ

कोंढाणा घेतला गेला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. कृष्णाजी अनंत सभासदानं पाव शतकानंतर जिंजीला बसून राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली, तेव्हा ही लढाई त्यानं थोडक्यातच उरकली. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजीची ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर हाती आली नाही. मग डाव्या हाताचीच ढाल करून त्यानं वार झेलले. दोघंही पडले. पुढे सूर्याजीनं बिथरलेल्या लोकांना सावरलं, गड घेतला आणि गडावरच्या पागेची घरं पेटवून दिली. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला.

कुणाही पटकथाकाराला हेवा वाटावा असा हा ऐवज आहे. अंधार, वेळेवर न पोचलेली ढाल आणि शेवटी दूरच्या डोंगरावर दिसणारी आग. ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी: द अनसंग वॉरियर’मध्ये (२०२०) याच्या जागी ‘नागीण’ नावाची एक अजस्र तोफ आहे. तिचा रोख राजगडावर. सिंहगड ते राजगड हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी पंधरा किलोमीटरच्या आसपास भरतं. त्या काळच्या वेढ्याच्या तोफेला इतका पल्ला गाठणं केवळ अशक्य. एवढं अंतर त्या रात्री ज्यानं ओलांडलं तो पागेचा उजेड होता, आणि चित्रपटकर्त्यांना नेमका तोच पुरेसा वाटला नाही. उदेभान मात्र मगर भाजून खातो.

कल्पनेला माझी हरकत नाही. या लढाईवर कल्पनेची पुटं चढायला सिनेमाच्या आधीच सुरुवात झाली होती. घोरपडीची गोष्ट पोवाड्यातली. सभासदाचे मावळे वानरासारखे कडा चढतात, तिथे घोरपड नाही. ‘सिंहगड’ हे नाव तानाजीच्या मृत्यूनंतर पडलं असं आपण शाळेपासून मानतो. शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात ते आधीच आलेलं आहे. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी लिहिली, बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये तिच्यावरून मूकपट काढला, आणि कादंबरीतलं दृश्य हाच लोकांच्या मनातला इतिहास झाला. फरक इतकाच की हरिभाऊंच्या मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असं लिहिलेलं असे. आजचा चित्रपट सुरुवातीला अस्वीकरणाची पाटी दोन सेकंद दाखवतो आणि पुढचे अडीच तास ‘खरा इतिहास पहिल्यांदाच’ म्हणून मिरवतो.

गंमत म्हणजे ऐतिहासिक चित्रपटांवरून आपल्याकडे भांडणं काही कमी होत नाहीत. ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) काशीबाई आणि मस्तानी पिंगा घालतात म्हणून वाद झाला. ‘पानिपत’मधल्या (२०१९) सूरजमलामुळे राजस्थानातले जाट खवळले आणि दृश्यं कापावी लागली. ‘हर हर महादेव’चे (२०२२) खेळ बंद पाडले गेले. ‘छावा’तलं (२०२५) लेझीम प्रदर्शनाआधीच काढलं, आणि प्रदर्शनानंतर दिग्दर्शकांना शिर्के घराण्याच्या वंशजांची माफी मागावी लागली. त्याही मागे जायचं तर प्रभातनं १९३० मध्ये ‘स्वराज्याचे तोरण’ काढला, तेव्हा ‘स्वराज्य’ हा शब्दच इंग्रज सेन्सॉरला सोसेना. चित्रपट ‘उदयकाल’ या नावानं लागला.

सेन्सॉरचं ते प्रकरण सोडलं तर ही सगळी भांडणं मानाची आहेत. कुणाचा पूर्वज फितूर दाखवला, राजानं नाचावं का, राणीनं कसं वागावं. शिर्क्यांच्या वंशजांचं दुखणं मला समजतं. गणोजीचा दोष पडद्यावर कसा यावा हा खरोखर पुराव्याचा प्रश्न आहे. पण मावळ्याच्या मांडीखालचा उंचापुरा देखणा घोडा कुठला, असं विचारत थिएटरवर आजवर कुणी मोर्चा नेलेला नाही. दऱ्याखोऱ्यांत मराठ्यांच्या उपयोगी पडलं ते काटक, बुटकं तट्टू. तलवारीचंही तेच. मराठे सरळ पात्याच्या फिरंगेवर आणि धोपेवर जीव टाकत. पडद्यावर सरसकट वाकडी पाती चमकतात, कारण ती चमकतात छान.

यातली मोठी चूक पावसाची. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निसटले ते जुलै १६६० मध्ये, आषाढात, पौर्णिमेच्या सुमारास. पण त्या चंद्राचा काय उपयोग! त्याच दिवसांत मीही मसाई पठारावरून चाललो आहे. भर दुपारी समोरच्या माणसाची पाठ धुक्यात दिसेना. बूट चिखलात रुतला की पाय वर यायचा आणि बूट तिथंच राहायचा. पाठीवरच्या पिशवीतली काडेपेटी दोन प्लॅस्टिकांत गुंडाळलेली असूनही ओली. ती ओली काडेपेटी हातात आली तेव्हा घोडखिंडीची लढाई मला पहिल्यांदा कळली. त्या काळची बंदूक तोड्याची. जळता तोडा आणि उघड्या रंजकीवर ठेवलेली दारू असल्याशिवाय ती उडत नाही. अशा पावसात कसला तोडा न् कसली रंजक! पाठलागावरच्या सिद्दी मसूदाच्या संख्येला अरुंद वाटेनं बांध घातला, आणि त्याच्या बंदुकांना आभाळानं. उरले पट्टे, भाले आणि दगड. बाजीप्रभू आणि बांदलांचे लोक तिथं तासन्‌तास कसे उभे राहू शकले, याचं अर्धं उत्तर आषाढात आहे. आपल्या चित्रपटांत मात्र पाऊस पडतो तो नायकाच्या केसांवरून थेंब संथ गतीनं ओघळावेत म्हणून.

दिग्पाल लांजेकरांच्या ‘पावनखिंड’चं (२०२२) मोल मी तरीही मानतो. थिएटरात शिवा काशिदासाठी रडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि हेर, न्हावी, वाटाडे यांना त्यांच्याइतकी जागा कुणी दिली नव्हती. पण त्यांच्याच ‘फत्तेशिकस्त’ची (२०१९) जाहिरात ‘भारतातील पहिला सर्जिकल स्ट्राइक’ अशी झाली. लाल महालावरचा १६६३ चा छापा २०१६ नंतरच्या शब्दाची झूल घालून आला. प्रेक्षक सतराव्या शतकात जायला निघाला होता. त्याला वाटेतूनच कालच्या बातम्यांकडे वळवलं.

भाषेचीही तीच तऱ्हा. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार फारसी शब्दांनी गच्च भरलेला आहे. म्हणूनच तर महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावासा वाटला. पडद्यावरचा मावळा अर्धा वेळ संगीत नाटकातलं बोलतो आणि उरलेला वेळ सभेतल्या घोषणा देतो.

एवढा काथ्याकूट कशाला, करमणूकच आहे, असं म्हणणाऱ्यांनी बऱ्हाणपूरजवळचा असीरगड आठवावा. ‘छावा’त बऱ्हाणपूरच्या खजिन्याची गोष्ट पाहून मार्च २०२५ मध्ये आसपासचे लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं उकरायला निघाले. पडद्यावरचं खरं मानायला आपण केवढे उतावीळ आहोत, याचा याहून ढळढळीत दाखला मला सुचत नाही. एकेकाळी छापील चित्रावरही आपण असेच भाळलो होतो. शिवाजी महाराज म्हणून जे चित्र घरोघर पुजलं जात होतं ते इब्राहिमखानाचं निघालं, वा. सी. बेंद्रे यांनी खरं चित्र १९३३ मध्ये उजेडात आणलं आणि जुनं मागे पडलं. एक माणूस कागद हुडकत राहिला म्हणून हे झालं. आजच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘इतिहास सल्लागार’ असतात, पण त्यांचा सल्ला पगडीच्या पिळाशी थांबतो की पटकथेच्या पानापर्यंत पोचतो, हे पडद्यावरून तरी कळत नाही.

कुणीतरी एकदा ती तोफ वगळावी. अंधारात तुटलेली ढाल दाखवावी, न आलेली दुसरी ढाल दाखवावी, आणि मग राजगडावरून दिसणारी पागेची आग, पार्श्वसंगीताशिवाय. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाचं तिकीट मी काढीन.