काचेवर चरणारी गोगलगाय

फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक १८५४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. आदल्याच वर्षी तिथल्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं होतं, आणि त्यासाठी समुद्रजीव पुरवण्यात गॉसचा मोठा हात होता. घरच्या दिवाणखान्यात समुद्र कसा नांदवावा, हे सांगणारं हे पुस्तक. त्यात रंगीत चित्रं आहेत, समुद्रफुलं आहेत, तारामासे आहेत. तरी त्यातला सर्वांत रसाळ उतारा आहे तो पेरिविंकल नावाच्या एका मामुली समुद्री गोगलगायीवरचा.

काचेवर शेवाळ साचलंय आणि गोगलगाय ते खातेय, एवढीच घटना. गॉस ती सुटी सुटी करून दाखवतो. आधी मांसल नळीसारखं तोंड उलटं होऊन बाहेर येतं. मग रेशमासारखी चकाकणारी जीभ काचेला टेकते, एक छोटा फराटा मारते आणि शेवाळाचे तंतू घेऊन आत जाते. तेवढ्यात पाय किंचित पुढे सरकलेला असतो. पुन्हा नळी, पुन्हा जीभ, पुन्हा फराटा. वाक्यांची लयही त्या चरण्याचीच आहे. वाचणाऱ्याला घाई करताच येत नाही. हे सगळं पाहून झाल्यावरच गॉस उपमा देतो: बैल जिभेने गवत ओढून घेतो तसं, किंवा गवत कापणारा ओळीमागून ओळ कापत जातो तसं. ही उपमा आधी आली असती तर नुसती शोभेची ठरली असती. नेमक्या तपशिलांमागून आल्यामुळे ती पटते, आणि हातभर काचेवर अख्खं कुरण उभं राहतं.

या उताऱ्याचं मर्म काचेत आहे. किनाऱ्यावर आपल्याला गोगलगायीची पाठ दिसते, म्हणजे शंख. तिचं पोट, पाय, तोंड खडकाकडे असतं. ती काचेवर चढली तरच पलीकडून तिचं जेवण दिसतं. टाकी नसती तर हे वर्णन लिहिलंच गेलं नसतं.

आज वीस-तीस लिटरची प्रवाळ-टाकी सांभाळणाऱ्यालाही काच स्वच्छ ठेवायला गोगलगायच लागते. बाकीचं ज्ञान मात्र पुढे गेलंय. पाणी शुद्ध राखण्याचं श्रेय गॉस समुद्रवनस्पतींना देतो. विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कीने वेगळे काढले ते १८९०च्या सुमारास. हे जिवाणू टाकीत रुजायला वेळ लागतो, म्हणून नवी टाकी महिना-दीड महिना मुरू द्यावी लागते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास असलेला खारेपणा लहान टाकीत पाहता पाहता वाढतो. त्यामुळे घटलेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं, खारं नाही.

या पुस्तकाला एक काळी बाजू आहे. त्याने इंग्लंडात मत्स्यालयांचं वेड पसरवलं आणि हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’मध्ये त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. ज्या पुस्तकाने बघायला शिकवलं, त्याचा बऱ्याच वाचकांनी फक्त गोळा करायला उपयोग केला.

तेव्हा हे पुस्तक वाचावं ते बघण्यासाठी. टाकीत प्रवाळ नसलं तरी अडत नाही. शेवाळ धरलेली काच आणि एक गोगलगाय गॉसला पुरली होती. आणि मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ घरी आणण्याचा मोह झालाच, तर एवढं ध्यानात असू द्या: खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ते उचलणं गुन्हा आहे.