हत्तोरीचं गाव कुठं गेलं?

मंडळी, निंजा हत्तोरी आपल्याकडच्या पोरांनी हिंदीत ऐकला. तो आवाज मेघना एरंडे यांचा. मूळ जपानी आवाज जुन्को होरी यांचा. १९८१ साली सुरू झालेल्या मालिकेत त्यांनी या मुलाला बोलतं केलं, शीर्षकगीतही त्यांनीच गायलं. तीसेक वर्षांनी नवी मालिका आली, तेव्हाही हत्तोरी त्याच!

आता बघा, हत्तोरी इगाच्या डोंगरातून टोकियोत आलेला. ‘आहे’च्या जागी तो जुन्या वळणाचं ‘गोझारू’ म्हणतो. आपला ‘शे’ आठवा. शिंदखेड्याचा पोरगा पुण्यात गेला की ‘शे’ गिळतो. हत्तोरी ‘गोझारू’ सोडत नाही. होरीबाईंची सगळी गंमत त्या हट्टात आहे.

साध्या हिंदीत तो शब्द उरला नाही. एरंडेबाईंनी उंच, खेळकर आवाजानं जागा भरली, आणि झकास भरली. पण आवाजानं स्वभाव येतो, गाव येत नाही. ते शब्दांतच असतं.

म्हणून आम्ही म्हणतो, हत्तोरीला एकदा अहिराणीत बोलू द्या. त्याचं गाव त्याला परत मिळेल. आणि आपल्या पोरांना कळेल, ‘शे’ म्हणणाराही हिरो शे.