तगादा आणि ऋणकोची वाणी

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरि आपटे यांची, दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचे, आणि सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहरातील गिरणीचा आश्रय करणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. पौराणिक कथांचे पीक आलेल्या त्या काळात या चित्रपटाचे धाडस असामान्य होते, याविषयी दुमत नाही. तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. बाबूरावांनी १९३६ मध्ये तीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा मांडली. त्या बोलपटाविषयी जे. बी. एच. वाडिया यांनी सांगितलेली आठवण मोठी सूचक आहे: अंधारलेली एक झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. चित्रपटास वाणी लाभली, आणि जाणत्या प्रेक्षकाच्या मनात उरले ते कुत्र्याचे रडणे. ऋणकोचा शब्द नव्हे. एका आठवणीवर सिद्धान्त उभारणे योग्य होणार नाही. तथापि कर्जाविषयीच्या आधुनिक मराठी लेखनाकडे पाहता हा योगायोग वाटत नाही. १८७५ चे दख्खनचे दंगे आणि १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी लिहून पुरा केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ यांपासून सावकाराचा चेहरा, त्याचे खत, त्याचा हुकूमनामा व लिलाव यांची चित्रे आपल्या वाङ्मयात ठसठशीत उमटली. ऋणको त्यांत आहे, पण तो बहुधा दयेचा विषय म्हणून. दारात उभ्या असलेल्या माणसाला तो काय उत्तर देतो, हे सांगण्याची गरज फारशी कोणास भासली नाही.

तगादा ही मुळातच वाणीची क्रिया आहे. अरबीतील ‘तकाजा’ मराठीत रुळून त्याचा तगादा झाला, आणि त्याला घराचा उंबरठा हे ठिकाण मिळाले. त्याचे आत्यंतिक रूप म्हणजे धरणे. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने या प्रथेचे वर्णन केले आहे. धनको दारात बसे, ऋणकोला अन्न घेऊ देत नसे आणि स्वतःही उपाशी राही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याच्या अपराधाचे उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच चित्र दिलेले होते. क्रौर्य होते यात संशय नाही. परंतु त्या क्रौर्यात वसूल करणाराही भुकेचा वाटेकरी होता. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने वसुलीसाठी ऋणकोचा पाठलाग करणे व त्याच्या घराजवळ घुटमळणे हे दंडनीय ठरविले. तेथे उपवास गेला, घुटमळणे तेवढे उरले.

या दारावर कायद्याने आणखी एक अडसर घातला. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमानुसार एखाद्यास नादार ठरविले की त्याची मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या स्वाधीन होते, आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून धनकोस त्या कर्जासाठी निराळा दावा लावता येत नाही. अटकेपासूनही संरक्षण मागता येते. २०१६ च्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांस लागू करण्यात आला. सामान्य कुटुंबास आधार राहिला तो जुन्या अधिनियमाचाच. कचेरीतील ‘नादार’ हा शब्द केवळ स्थिती सांगतो, बोलीतील ‘दिवाळखोर’ हा दोष लावतो. या दोन शब्दांमधील अंतर एका कवीने न्यायालयाच्या साहाय्यावाचून, तीन शतके आधी कापले होते.

‘सावकारी पाश’ बोलपट झाला त्याच १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांच्याच कोल्हापुरातील कंपनीत घडलेले. एका वर्षी, एका गुरुकुलातून, दोन बुडालेले संसार प्रेक्षकांपुढे आले. मात्र तुकारामाकडे दिवाळे निघालेला व्यापारी म्हणून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेस नाही. चरित्रकारांचा सगळा भर इंद्रायणीत बुडविलेल्या खतांवर असतो. ती खते इतरांकडून येणे असलेल्या रकमांची होती, आणि परंपरा सांगते की कान्होबाचा वाटा वेगळा काढून तुकारामाने केवळ आपल्या वाट्याचे कागद पाण्यात सोडले. तो धनकोचा त्याग आहे. त्यापूर्वी हाच मनुष्य ऋणको होता, ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. महीपतीच्या परंपरेत मात्र तिची खूण टिकून आहे: बायकोने कर्जाऊ मिळवून दिलेल्या भांडवलावर केलेल्या व्यापाराचा सारा पैसा तुकारामाने वाटेत देणेकऱ्यांनी गांजलेल्या एका ब्राह्मणास देऊन टाकला. ही कथा औदार्याची म्हणून सांगतात. ती ओळखीचीही आहे. तगाद्याखाली उभा असलेला माणूस कसा दिसतो, हे तुकारामास कोणी सांगावे लागत नव्हते.

आत्मचरित्रपर अभंगात १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाविषयी बोलताना तो द्रव्य आटल्याचे आणि मान गेल्याचे एकाच दमात सांगतो. एका बायकोचा अन्नासाठी झालेला मृत्यू त्याला लागूनच येतो. आपल्या दिवाळ्याबद्दल देवाचे आभार मानणारा अभंग याच्या शेजारी ठेवून वाचावयास हवा. त्यात दुष्काळ, लोकांतील अपमान, द्रव्य व गुरेढोरे यांचा नाश, कर्कशा बायको, उपेक्षिलेली लेकरे अशी एकेक बाब पुढे येते आणि प्रत्येकीपुढे ‘बरे’ हा शेरा पडतो. वैराग्याचा आनंद म्हणून या अभंगाचे जे निरूपण नेहमी होते ते अपुरे आहे. आनंदास इतक्या तपशिलाची जरुरी नसते. ही वाण्याच्या वहीची रीत आहे. बुडीत खात्यातील प्रत्येक रक्कम उच्चारायची आणि मग तिच्यावर रेघ मारायची. नादारीच्या अर्जातही ऋणकोने आपली देणी व मिळकत अशीच क्रमवार मांडावयाची असते, आणि अखेरीस संरक्षण मागावयाचे असते. तुकाराम शरण आलो असे म्हणतो तेथे अर्ज पुरा होतो. विशेष हा की, ज्या लोकलाजेवर तगाद्याचे सर्व बळ अवलंबून असते तीच आपण धरली नाही, असे तो त्या यादीत नोंदवितो. लाज सोडलेल्या ऋणकोपुढे तगादेदार निःशस्त्र होतो.

तुलना येथपर्यंतच चालते. न्यायालय ऋणकोस मुक्त करून कागद मिटवते. तुकारामाचा हिशेब मिटत नाही, फिरतो. ऋण, वैर आणि हत्या ही फेडल्यावाचून सुटत नाहीत असे तुम्हीच जगाला सांगता, मग माझे देणे का देत नाही, अशा आशयाने तो पांडुरंगालाच धरतो, आणि लोकांत होणारी फजिती टाळा असेही बजावतो. ही भाषा सावकाराच्या दारची आहे. ऐकून ऐकून पाठ झालेली. वह्या बुडविल्यानंतरचा तेरा दिवसांचा उपवास तर उघडच धरणे होय. नम्रता हा संतकवीचा स्थायीभाव मानणाऱ्यांस हे अभंग अडचणीचे वाटतात आणि मग प्रेमकलह या नावाखाली ते बाजूस काढले जातात. प्रेमकलहात कोणी लोकांसमोर फजितीची धमकी देत नाही.

आता तगादा दूरध्वनीवरून येतो. बोलणारा धनको नसतो, त्याने नेमलेला माणूस असतो. तो उपाशी राहत नाही आणि ज्याच्याशी बोलतो त्याचे दार त्याने पाहिलेले नसते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना बजावले की कर्जवसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर ऋणकोस दूरध्वनी करू नये, आणि त्याचे कुटुंबीय, संदर्भासाठी नावे दिलेल्या व्यक्ती व मित्र यांच्या खाजगी जीवनात शिरकाव करू नये. कुटुंबीयांचा हा उल्लेख समीक्षकानेही ध्यानी घ्यावा असा आहे. लाज सोडल्याचे तुकाराम सांगतो तेव्हा तो भंडाऱ्यावर किंवा देवळात असतो. घरी दार उघडणारी जिजाई होती, आणि लोकलाज तिच्या वाट्याला आली. प्रभातच्या चित्रपटात ती पायातील वहाण हाती घेऊन विठोबापुढे जाब विचारावयास जाते. प्रेक्षक हसतात, पण त्या चित्रपटात खरा तगादा करणारी तीच एक आहे. गाथेतही स्त्रीची उत्तरे म्हणून दिलेले अभंग आहेत. घरी आलेली धान्याची गोणी हा लोकांना वाटून टाकतो आणि पोरांना खाऊ देत नाही, अशी तिची तक्रार त्यांत तिच्याच फटकळ बोलीत उतरली आहे. ती लिहिणारा स्वतः आरोपी आहे.