चक्कर : कानातली की मेंदूतली?

चक्करेविषयी आपल्या आरोग्यलेखनात एक सुटसुटीत नियम वारंवार भेटतो : भोवतालचे जग गरगर फिरले तर दोष कानाचा, नुसता तोल गेला तर मेंदूचा. पाठ करायला सोपा म्हणून तो वर्गातही शिरतो. त्याचे मूळ पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत असावे. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांतला द्रव, गिरकी घेऊन थांबलेल्या मुलाला फिरताना दिसणारे अंगण. यात चूक काहीच नाही. पण आकृती कानापाशीच संपते. तेथून निघालेला मज्जातंतू पुढे मस्तिष्कस्तंभात जातो व तेथून संदेश अनुमस्तिष्काला पोचतात, हे विद्यार्थ्याला दिसत नाही. त्या भागांचा रक्तपुरवठा तुटला तरी जग तसेच गरगरते.

शिवाय नियमाची सारी भिस्त रुग्णाच्या वर्णनावर. चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी हे शब्द झरीच्या पारावर काय नि पुण्याच्या दवाखान्यात काय, एकमेकांच्या जागी सहज येतात. (हा मराठीचा दोष नव्हे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तोच प्रश्न काही मिनिटांनी पुन्हा विचारताच निम्म्याहून अधिक रुग्णांनी उत्तर बदलले!)

त्यापेक्षा चक्कर केव्हा येते, किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, हे विचारावे. अंथरुणात कूस बदलताच आली आणि मिनिटभरात गेली, तर बहुधा कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण नलिकेत घसरलेले असतात. प्रार्थनेला उभी असलेली उपाशी मुलगी डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळते, तेव्हा बहुधा रक्तदाब उतरलेला असतो. कानाचा तेथे संबंध नाही. खरी अडचण अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणाऱ्या चक्करेची. डोके हलवल्यावर ती वाढते, म्हणून ती कानाचीच असे नव्हे. दोन्ही प्रकारांत ती वाढते.

२००९ साली कट्टाह, न्यूमन-टोकर व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी डोळ्यांच्या हालचालींची तपासणी मांडली. रुग्णाची नजर समोर खिळवून डोके झटकन वळवायचे. कानाचा दोष असेल तर नजर निसटते आणि मागाहून जागेवर येते. चक्कर चालूच असताना नजर मुळीच निसटली नाही, तर संशय मेंदूवर! अर्थात हे सरावलेल्या डॉक्टरांचे काम. पहिल्या दोन दिवसांत एमआरआयसुद्धा कधी कधी फसतो.

शिक्षकाने पाहायचे ते वेगळे. चक्करेसोबत जीभ जड होणे, एकाचे दोन दिसणे, अंग बधिर होणे, आधाराशिवाय बसताही न येणे, यांपैकी काहीही दिसले, तर पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि झरीहून परभणीला जाण्याचा वेळही त्यातच मोजला जातो.