पक्ष, राष्ट्र आणि दंडविधान : एका विधेयकाच्या परिभाषेविषयी

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉट पेरी यांनी एक विधेयक मांडले. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाची गणना आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी संघटनांत व्हावी, हा त्याचा आशय. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. परंतु त्यामागील परिभाषा टिकून राहिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याच सभागृहाने नेमलेल्या विशेष समितीच्या नावातही अमेरिकेचा प्रतिस्पर्धी म्हणून चीनचा नव्हे, तर त्या पक्षाचा निर्देश आहे. या शब्दयोजनेचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

देशाऐवजी पक्षाचे नाव घेण्यामागील भूमिका उघड आहे : रोष राज्यकर्त्यांवर आहे, जनतेवर नव्हे. भूमिका उदार खरी. परंतु ती दोन ठिकाणी लंगडी पडते.

एक तर, पक्ष आणि राज्य यांतील हा भेद चीनच्या संविधानालाच मान्य नाही. २०१८ च्या दुरुस्तीने त्याच्या पहिल्याच अनुच्छेदात पक्षाच्या नेतृत्वाचा उल्लेख आला. तेव्हा पक्षाला गुन्हेगार म्हणणे म्हणजे ज्या शासनाशी वाटाघाटी करावयाच्या, त्यालाच गुन्हेगार म्हणणे होय.

दुसरे असे की, 'पक्ष' हे समूहवाचक नाम आहे आणि त्याची व्याप्ती प्रचंड आहे. २०२४ च्या अखेरीस या पक्षाचे सभासद १० कोटींहून अधिक होते. त्यांत सत्ताधीश मूठभर. शिक्षक, वैद्य, कारकून असंख्य. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने सभासदांच्या व त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांच्या प्रवासी परवान्याची कमाल मुदत १० वर्षांवरून एका महिन्यावर आणली, तेव्हा कोणी काय केले हा प्रश्नच उद्भवला नाही. 'सभासद' या शब्दानेच कृत्याची जागा घेतली.

वस्तुतः अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोवोल्ट खटल्यात १९५७ मध्येच हा धोका ओळखला होता. हद्दपारीसाठी नाममात्र सभासदत्व पुरेसे नाही, पक्षाशी असलेला संबंध अर्थपूर्ण असला पाहिजे, असा तो निर्णय होता.

शिनजियांगमधील अत्याचारांकडे डोळेझाक करावी, असा याचा अर्थ नव्हे. जुलै २०२० मध्ये तेथील तत्कालीन पक्षसचिव चेन च्युआनग्वो यांच्यावर अमेरिकेने नावानिशी निर्बंध घातले. तेथे व्यक्ती निश्चित होती, आरोपही निश्चित होता. दंडविधानाच्या वाक्यात क्रियापदाला कर्ता लागतो. त्या जागी समूहनाम घातले, की खरा कर्ता निसटतो आणि शिक्षा मात्र भलत्याच्याच वाट्यास येते.