निमगोरी

विवाहाच्या बायोडेटात 'काळी' हा शब्द मला अजून सापडलेला नाही. मागच्या उन्हाळ्यात भाचीसाठी एका वधू-वर सूचक मंडळाच्या फायली चाळत होते. तिथे गोरी होती, निमगोरी होती, गव्हाळ होती; फार तर 'सावळी, पण नाकीडोळी नीटस'. या 'पण'शी मी अडले. 'गोरी, पण' असे कुणीच लिहिले नव्हते. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांत 'वर्णा'ला एकच गुण असतो, आणि तो वर्ण काही कातडीचा नव्हे. रंगाच्या रकान्याला किती गुण, हे मात्र कुठेच छापलेले नसते.

ही भाषा बाजाराने घडवली असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली, तेव्हा 'निमगोरी' आपल्या घरांत जुनी झालेली होती. सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असा दंडक जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये घातला. तो जाहिरातींना लागू, मावशी-आत्यांना नाही. २०२० मध्ये क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. पण मराठीत 'मुलगी उजळ आहे' म्हटले की काय समजायचे, हे वेगळे सांगायला हवे का?

सध्या हीच भीती उन्हाच्या नावाने वावरते. पुण्यात डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळलेल्या दुचाकीवरच्या मुली धूळ, धूर, ऊन अशी कारणे देतात. तिन्ही खरी आहेत. मात्र त्याच सिग्नलला, त्याच धुरात त्यांचे भाऊ उघड्या चेहऱ्याने उभे असतात. वांग किंवा कोड असलेल्यांना सनस्क्रीन खरोखर लागते. दुकानात ते खपते 'टॅन'च्या धाकाने. उन्हातून आलेल्या मुलीला 'भाजलीस का' असे कोण विचारते? 'किती काळवंडलीस!' हेच ऐकू येते.

भाचीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, एक ट्यूब आणली. तीत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असे तिहेरी मिश्रण होते. वांगावर डॉक्टर ते देतात, पण मोजके आठवडे आणि स्वतःच्या देखरेखीखाली. हिने सहा महिने लावले. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला. सगळ्यांनी कौतुक केले, मीही केले. मग कातडी पातळ झाली, लाल पडली, सकाळचे ऊनही सोसेना. स्कार्फ दुहेरी झाला. ट्यूब बंद केली तर पुरळ आणि आग. म्हणून पुन्हा तीच ट्यूब. ऊन टाळण्यासाठी गोरेपणा नव्हे, गोरेपणापायी ऊन टाळणे तिच्या वाट्याला आले. त्वचारोगतज्ज्ञांकडे नेईपर्यंत दिवाळी उलटून गेली होती.

तिच्या बायोडेटातला फोटो त्या पहिल्या महिन्यातला आहे. ताईचे अक्षर चांगले नाही, म्हणून फॉर्म मी भरला होता. रंगाच्या रकान्यात 'निमगोरी' हे माझ्याच हातचे आहे.