जी-८ मध्ये आजीचे साडेआठ गुण कुठे गेले?

माझी पीएचडी मोजपट्ट्यांवर आहे. म्हणजे प्रश्नावली भरून जो आकडा येतो, तो आपल्याला जे मोजायचंय तेच मोजतो का, की भलतंच काही, हे तपासायचं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आजचा विषय आहे वयस्कर कॅन्सर पेशंटचं ऑपरेशनआधी केलं जाणारं ‘फ्रेल्टी’ मोजमाप.

फ्रेल्टीला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. ‘जर्जर’ म्हटलं की अंथरुणाला खिळलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. फ्रेल माणूस मात्र चालता-फिरता असू शकतो. विहिरीचं उदाहरण घ्या. दिवाळीत दोन विहिरी वरून सारख्याच दिसतात. मे महिन्यात एकीला पाणी असतं, दुसरीचा तळ दिसतो. शरीराचा हा राखीव साठा कमी होणं म्हणजे फ्रेल्टी, आणि मोठं ऑपरेशन म्हणजे मे महिना. वय हा या साठ्याचा फार कच्चा अंदाज आहे. म्हणून साठाच मोजावा ही कल्पना चांगली आहे. माझी तक्रार कल्पनेवर नाही, पट्टीवर आणि ती वापरण्याच्या पद्धतीवर आहे.

पट्ट्या बऱ्याच आहेत. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पाच लक्षणं मांडली: नकळत वजन घटणं, थकवा, हाताची पकड कमकुवत होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल. हे निकष अमेरिकेतल्या पाच हजारांवर ज्येष्ठांच्या अभ्यासातून आले. कॅनडाच्या रॉकवूड यांच्या पट्टीत डॉक्टर माणसाच्या रोजच्या जगण्यावरून श्रेणी ठरवतात. कॅन्सरसाठी सर्वांत जास्त दिसते ती फ्रान्समधून आलेली जी-८. आठ प्रश्न, एकूण १७ गुण. १४ किंवा त्याहून कमी आले तर पेशंटची सविस्तर तपासणी करायची. पाच-दहा मिनिटांत होते, यंत्र लागत नाही, म्हणून गर्दीच्या ओपीडीत ती सोयीची वाटते.

आता आजीची गोष्ट. २०२२ मध्ये तिच्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. तंबाखूची मिश्री आयुष्यभर. एका ठिकाणी दाखवलं तर आधार कार्डावरचं वय बघून सांगितलं, “ऑपरेशन झेपणार नाही, घरीच सांभाळा.” दोन महिने आम्ही घरीच सांभाळलं. मग दुसऱ्या ठिकाणी ऑपरेशन झालं, पण तोवर आजार जबड्याच्या हाडात गेला होता, त्यामुळे हाडही काढावं लागलं. त्यानंतर ती दीड वर्ष जगली. तिच्यावर जी-८ कुणी केलीच नव्हती. नंतर मी तिची फाईल आणि घरच्यांची आठवण यांवरून ती भरून पाहिली. गुण आले साडेआठ. म्हणजे पट्टीनेही जवळपास तेच सांगितलं असतं.

मग मी उलटं मोजलं. उरलेले साडेआठ गुण नेमके कुठे गेले?

तीन गुण बीएमआयमध्ये. १९ पेक्षा कमी असेल तर शून्य. आजी काटकच होती, लग्नातल्या फोटोतही. हयातभर बारीक असलेला माणूस आणि अलीकडे झिजलेला माणूस, दोघांनाही इथे शून्यच. दोन गुण वजन घटण्याच्या प्रश्नात, कारण उत्तर होतं ‘माहीत नाही’. घरात वजनकाटा कधी नव्हताच. एक गुण भुकेचा. पण तिची भूक मेली नव्हती, गालातल्या जखमेमुळे भाकरी चावत नव्हती. दीड गुण ‘तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने तब्येत कशी?’ या प्रश्नात. तिचं उत्तर नेहमी एकच असायचं, “हाय बरं, देवाची कृपा.” आता ‘बरोबरीची’, ‘जास्त चांगली’ की ‘सांगता येत नाही’? मी ‘सांगता येत नाही’ धरलं, अर्धा गुण. शेवटचा एक गुण वयाचा. ऐंशीच्या आत दोन गुण, ८० ते ८५ ला एक. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९३८, म्हणजे ८४ वर्षं. पण ती सांगायची, “रझाकाराच्या टायमाला मी मायच्या कडंवर होते.” रझाकारांचा काळ १९४७-४८. म्हणजे ती पंचाहत्तरीच्या आसपास होती. मराठवाड्यातल्या किती म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो, हे घरोघरी ठाऊक आहे.

उलट बाजूही बघा. रोज तीनपेक्षा जास्त औषधं घेत नाही, म्हणून तिला पूर्ण एक गुण मिळाला. घेत नव्हती, कारण तिचं बीपी कुणी कधी मोजलंच नव्हतं. भुलेच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा ते खूप वाढलेलं निघालं. जिथे पूर्वी उपचारच पोचले नाहीत, तिथे ‘औषधं कमी’ म्हणजे ‘तब्येत चांगली’ असं धरता येत नाही.

आजी फ्रेल नव्हतीच, असं मी म्हणत नाही. कदाचित असेलही. बारीक अंगात स्नायू कमी असतात आणि त्याचा धोका खरा असतो. माझं म्हणणं एवढंच की साडेआठ या आकड्यात गरिबी, कागदपत्रं, बोलण्याची रीत आणि खुद्द गाठ, हे सगळं मिसळलंय. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर इतका जास्त आहे की हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. जी गाठ काढायचीय, तिच्यामुळेच गुण जातात, आणि गुण गेले म्हणून गाठ काढायची नाही?

हीच अडचण दुसऱ्या प्रश्नावल्यांतही आहे. लॉटन यांची १९६९ ची यादी विचारते: फोन, खरेदी, स्वयंपाक, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार जमतात का? आपल्याकडच्या बऱ्याच आजोबांनी कधी चूल पेटवली नाही आणि आजीच्या हातात कधी पासबुक आलं नाही. ‘जमत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ यात फरक करावाच लागतो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायची चाचणी घ्या. जमिनीवरून हात न टेकता उठणाऱ्या बाईबद्दल ती फारसं सांगत नाही.

आता पट्टीच्या बाजूने. जी-८ करणाऱ्यांनी ती चाळणी म्हणूनच दिली होती, निकाल म्हणून नाही. गुण कमी आले की सविस्तर तपासणी करायची: आहार, स्मृती, मन, आधीचे आजार, घरचा आधार. आणि त्यात जे सुधारता येतं ते सुधारायचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१८ पासून ज्येष्ठ कॅन्सर पेशंटसाठी वेगळं क्लिनिक आहे. तिथे साठीपासूनच्या पेशंटची अशी तपासणी होते. पण चाळणीच्या खाली परातच नसेल तर? मग चाळणीच निकाल होते.

तपासणीचा उपयोग होतो का, याचंही उत्तर सरळ नाही. केमोथेरपीबाबत पुरावा चांगला आहे. अमेरिकेतल्या २०२१ च्या जीएपी-७० अभ्यासात डॉक्टरांना या तपासणीचा अहवाल दिला, तेव्हा गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. ऑपरेशनबाबत चित्र मिश्र आहे. मॉन्ट्रियलच्या २०२० च्या अभ्यासात आतड्याच्या कॅन्सरच्या ११० फ्रेल पेशंटमध्ये ऑपरेशनआधी तयारी करून घेतली, तरी गुंतागुंत कमी झाली नाही. २०२३ मध्ये २५१ पेशंटच्या युरोपातल्या अभ्यासात चार आठवड्यांचा व्यायाम, प्रथिनं, मानसिक आधार आणि तंबाखू सोडवणं एकत्र केलं, तेव्हा गंभीर गुंतागुंत ३० टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. पण त्यातले सगळे फ्रेल नव्हते. म्हणून ‘फ्रेल्टी मोजा आणि जीव वाचवा’ असे मथळे दिसले की जरा थांबा.

आपल्या शहरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतून पेशंट येतात. इथल्या माणसांवर घासूनच इथली पट्टी तयार होईल. तोवर एक साधी गोष्ट करता येईल: प्रत्येक प्रश्नासमोर ‘गुण का गेला’ असा एक रकाना. गाठीमुळे, गरिबीमुळे, की खरंच साठा आटल्यामुळे? पहिल्या दोन्हींवर बऱ्याचदा काही करता येतं: नळीतून किंवा पातळ करून जास्त प्रथिनं, बीपीची गोळी, तंबाखू बंद.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर डॉक्टरांना चार गोष्टी आपणहून सांगा. खरं वय. सहा महिन्यांपूर्वी काय काय कामं करत होते आणि आता काय जमत नाही. खाणं कमी झालंय ते भूक नाही म्हणून की चावता येत नाही म्हणून. आणि विसरणं, बरळणं वाढलंय का. ऑपरेशननंतर आजीला तीन रात्री भ्रम झाला होता. वयस्करांमध्ये हे बऱ्याचदा होतं, पण आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. चष्मा जवळ ठेवणं, ओळखीचं माणूस उशाशी बसणं, यानेही फरक पडतो.

आणि कुणी नुसतं वय बघून ‘झेपणार नाही’ म्हणालं, तर एक प्रश्न जरूर विचारा: “कशावरून?” आम्ही तो दोन महिने उशिरा विचारला.